गोड शेवटाची गोष्ट

मुलांनो, वर्गात ‘प्रेमकथा’ हा शब्द नुसता उच्चारून पाहा. काय होतं? मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते, कुणी उगाचच खोकतं, कुणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसतं. घरी हाच शब्द काढला तर आजी चष्म्यावरून बघते आणि बाबा वर्तमानपत्र जरा जास्तच उंच धरतात! भुताच्या गोष्टीला असं होत नाही. गुप्तहेराच्या गोष्टीला नाही, शिकारकथेला तर मुळीच नाही. एकट्या प्रेमकथेच्या नशिबी एवढं हसू आणि एवढी लाज का बरं यावी?

आणि गंमत अशी, की या पुस्तकांवर मत सगळ्यांचंच असतं. “वेळ फुकट जातो,” “डोकं बिघडतं,” “सगळ्या गोष्टी सारख्याच.” पण जे ही पुस्तकं वाचतात आणि जे लिहितात, त्यांनाच जाऊन कुणी विचारलं का? “अहो, तुम्हाला यात काय सापडतं?” असं विचारणारी माणसं आहेत बरं का! त्यांना मिळालेली उत्तरं आज आपण ऐकू या.

आधी ठरवू, प्रेमकथा म्हणजे काय

गोष्टीत प्रेम आलं की ती झाली प्रेमकथा, असं आपल्याला वाटतं. पण या प्रकारच्या लेखकांचा नियम जरा कडक आहे. अमेरिकेत १९८० साली प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी आपली एक संघटना काढली. तिनं दोन अटी सांगितल्या. पहिली, गोष्टीच्या मध्यभागी प्रेमच हवं, बाकी सगळं त्याच्या भोवती. दुसरी, शेवट मनाला समाधान देणारा आणि आशेचा हवा.

आता परीक्षा घेऊ. शेक्सपिअरचं ‘रोमिओ आणि ज्युलिएट’? नापास! दोघंही शेवटी मरतात. शरच्चंद्रांचा ‘देवदास’? तोही नापास. आणि आपल्या कालिदासाचं ‘शाकुंतल’? शाप आहे, अंगठी हरवते, ताटातूट होते, पण शेवटी दुष्यंत, शकुंतला आणि छोटा भरत एकत्र येतात. म्हणजे पास! बघा, दीड हजार वर्षांपूर्वीच्या नाटकालाही हा नियम लागू पडतो.

“पण शेवट आधीच माहीत असेल तर वाचायचं कशाला?” असं तुम्ही म्हणाल. क्रिकेटची जिंकलेली मॅच आपण पुन्हा बघतोच ना? निकाल माहीत असतो. बघायचं असतं ते, जिंकली कशी!

जेन ऑस्टिननं लिहून ठेवलेली मतं

इंग्लंडमध्ये जेन ऑस्टिन नावाची लेखिका होऊन गेली. १८१३ साली तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी आली. एलिझाबेथ नावाची हुशार, फटकळ मुलगी आणि डार्सी नावाचा गर्विष्ठ, श्रीमंत तरुण यांची ही गोष्ट. आजच्या कितीतरी प्रेमकथा तिच्याच वाटेनं चालतात. जेनच्या हयातीत मात्र तिच्या पुस्तकांवर तिचं नाव छापलं जात नसे. पहिल्या कादंबरीवर लेखकाच्या जागी होतं फक्त ‘एक स्त्री’!

या जेननं एक मजेदार गोष्ट केली. ‘मॅन्सफील्ड पार्क’ आणि ‘एम्मा’ या कादंबऱ्या आल्यावर घरचे, शेजारचे, ओळखीचे लोक काय म्हणाले ते तिनं एकेकाच्या नावानिशी लिहून ठेवलं. फक्त कौतुकच नाही हं! तिच्या स्वतःच्या आईला ‘मॅन्सफील्ड पार्क’ची नायिका अगदीच मिळमिळीत वाटली. जेननं तेही लिहिलं. एका गृहस्थांनी ‘एम्मा’चं फक्त पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं. का? तर पुस्तक रंजक नाही असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं! जेननं तेही टिपून ठेवलं. आपल्या निबंधाला कमी मार्क पडले तर आपण वही दप्तराच्या तळाशी दडवतो. जेननं मात्र टीकाही जपून ठेवली.

पण वाचक म्हणेल तसं लिहायचं, असंही तिनं केलं नाही. राजपुत्राच्या ग्रंथपालांनी तिला एका राजघराण्यावर भारदस्त ऐतिहासिक प्रेमकथा लिहायला सुचवलं. १८१६ साली तिनं नम्रपणे उत्तर पाठवलं, की हे माझ्याच्यानं होणार नाही. एवढं गंभीर लिहायला बसले तर मला मध्येच हसू फुटेल. ऐकून सगळ्यांचं घ्यावं, लिहावं मात्र आपल्याला जमतं तेच. ‘मला पडलेलं स्वप्न’ असा निबंध लिहिताना हे ध्यानात ठेवायला काय हरकत आहे?

एक गाव, बेचाळीस वाचक

आता चला अमेरिकेत. १९८०च्या सुमारास जॅनिस रॅडवे नावाच्या एका प्राध्यापिकेला वाटलं, लाखो बायका प्रेमकथा वाचतात, त्या का वाचतात ते आपण त्यांनाच विचारू या. एका मध्यम आकाराच्या गावातल्या पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंचा तिला पत्ता लागला. या बाई ढीगभर प्रेमकथा वाचायच्या आणि कुठलं पुस्तक चांगलं, कुठलं टाकाऊ ते गिऱ्हाइकांना सांगायच्या. त्यासाठी त्यांनी स्वतःचं एक छोटं पत्रकही काढलं होतं. त्यांच्या सल्ल्यावर लोकांचा इतका भरवसा, की त्यांनी नाक मुरडलं तर पुस्तक फळीवरच राहायचं!

या बाईंच्या ओळखीनं बेचाळीस वाचक स्त्रियांनी रॅडवेची प्रश्नावली भरून दिली. त्यातल्या काहीजणी तिच्यासोबत बसून तासन्‌तास बोलल्या. १९८४ साली या सगळ्यावर तिचं पुस्तक आलं. त्यात रॅडवेनं गावाचं आणि बाईंचं खरं नाव लपवून दुसरीच नावं दिली आहेत. मोकळेपणानं बोलणाऱ्यांना त्रास होऊ नये, म्हणून अशी काळजी घेतात.

तिला काय सापडलं? ती विचारत होती गोष्टींबद्दल, आणि बायका उत्तर देत होत्या वाचण्याबद्दल! बहुतेकींचा संसार होता, मुलंबाळं होती. कुणाचा डबा, कुणाचे कपडे, कुणाचं आजारपण. दिवसभर सगळ्यांचं करायचं. पुस्तक उघडलं की तेवढा वेळ मात्र फक्त आपला. “हा वेळ माझा आहे” या अर्थाचं उत्तर पुष्कळजणींनी दिलं. दूरचे देश आणि जुना काळ कळतो, असंही त्या म्हणाल्या.

त्या काहीही वाचत होत्या असं समजू नका. त्यांची निवड काटेकोर होती. नायिका हुशार हवी, विनोदबुद्धी असलेली हवी, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी हवी. नायक नुसता देखणा असून चालत नाही, तो प्रेमळ हवा. प्रेम हळूहळू फुललेलं हवं, झटपट नको. शेवट गोडच हवा. नायिकेचा छळ होत असेल तर ते पुस्तक बाद. फसगत होऊ नये म्हणून काहीजणी आधी शेवटची पानं चाळून बघायच्या आणि मगच पुस्तक विकत घ्यायच्या. जेनच्या त्या गृहस्थांची आठवण झाली ना?

रॅडवेनं नुसती वाहवा केली नाही. तिला एक शंकाही आली. पुस्तकात दोन तास विसावा मिळाला की बाई ताजीतवानी होऊन पुन्हा त्याच कामाला लागते. मग “मला रोज थोडा वेळ द्या, कामात हात लावा” असं ती घरात कधी म्हणणार? पुस्तकानं थकवा जातो, पण थकवा आणणारी घडी तशीच राहते. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. तुमच्या घरी सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओटा कोण आवरतं, ते आज रात्री जरा बघा.

बर्फात अडकलेली आई

वाचकांचं ऐकलं, आता लेखिकांकडे वळू.

फेब्रुवारी १९७९. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात प्रचंड बर्फ पडला. रस्ते बंद, शाळा बंद. नोरा रॉबर्ट्स नावाची एक तरुण आई आपल्या दोन छोट्या मुलांबरोबर घरात अडकली. दिवसभर तेच खेळ, तीच भांडणं, आणि घरातलं चॉकलेटही संपत आलेलं! वैतागून तिनं वही-पेन्सिल घेतली आणि डोक्यात घोळत असलेली एक गोष्ट लिहायला सुरुवात केली.

ती लगेच प्रसिद्ध झाली असं मात्र नाही. तिची हस्तलिखितं परत येत होती. एका मोठ्या प्रकाशनानं तर कळवलं, की आमच्याकडे एक अमेरिकन लेखिका आहे, आणखी नको! ती लिहीत राहिली. १९८१ साली पहिलं पुस्तक आलं. आज तिच्या नावावर दोनशेहून अधिक कादंबऱ्या आहेत. हे कसं जमतं? रोज ठरलेल्या वेळी टेबलाशी बसायचं आणि काम करायचं, स्फूर्तीची वाट बघत बसायचं नाही, असं ती सांगते. पाढे पाठ करताना मी वर्गाला हेच सांगते, पण माझं कोण ऐकतं!

दुसरी लेखिका बेव्हर्ली जेनकिन्स. ती कृष्णवर्णीय. अमेरिकेतल्या प्रेमकथांत बरीच वर्षं नायक-नायिका गोऱ्याच असायच्या. कृष्णवर्णीय माणसं जणू प्रेमच करत नाहीत! १९८० साली व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिकेनं ही चाकोरी मोडली आणि कृष्णवर्णीय जोडप्याची प्रेमकथा छापली. पुढे १९९४ साली जेनकिन्सची पहिली कादंबरी आली. तिची नायिका कोण असेल? शाळेतली शिक्षिका! गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात, नव्यानं वसवलेल्या एका गावात मुलांना शिकवणारी. पाठ्यपुस्तकांत ज्यांना दोन ओळीही मिळत नाहीत, अशा माणसांचा इतिहास जेनकिन्स प्रेमकथेतून सांगते आणि शेवटी पुढच्या वाचनासाठी इतिहासाच्या पुस्तकांची यादीही देते. आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखी बोलणारी माणसं गोष्टीत सुखी झालेली बघणं किती मोलाचं असतं, हे तिच्या वाचकांना विचारा.

१९९२ साली जेन ॲन क्रेंट्झ या लेखिकेनं आणखी एक काम केलं. प्रेमकथा लिहिणाऱ्या अनेक लेखिकांना तिनं आपापली बाजू मांडायला सांगितली आणि त्या लेखांचं पुस्तक काढलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. गुप्तहेरकथा वाचणारा माणूस पिस्तूल घेऊन रस्त्यावर धावत नाही. मग प्रेमकथा वाचणारीला गोष्ट आणि खरं आयुष्य यांतला फरक कळत नाही, असं तुम्ही का धरून चालता? आहे की नाही बिनतोड प्रश्न?

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे तर एके काळी बाईनं पुस्तक हातात धरणं हेच नवल होतं. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) कधी शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर त्या वाचायला शिकल्या. लोकांची टिंगल सोसली, पण वाचन सोडलं नाही. पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिलं आणि १९०३ साली त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कादंबरीकार हरि नारायण आपटे त्यांचे स्नेही. दोघं साहित्यावर चर्चा करत. लेखक-वाचक संवाद आपल्याकडेही जुनाच आहे म्हणायचा!

मग आले ना. सी. फडके (१८९४–१९७८). कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ अशा त्यांच्या कादंबऱ्यांवर तरुण वाचकांच्या उड्या पडत. त्याच काळात सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या शाळेत एक शिक्षक कादंबऱ्या लिहीत होते, वि. स. खांडेकर. त्यांच्या ‘ययाति’साठी त्यांना पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. फडके म्हणायचे, कलेचं काम आनंद देणं. खांडेकर म्हणायचे, कला जीवनासाठी हवी. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद महाराष्ट्रात वर्षानुवर्षं गाजला. कुठल्याही वक्तृत्व स्पर्धेत हा विषय ठेवून बघा, दोन्ही बाजूंना टाळ्या पडतील.

चंद्रकांत काकोडकर हे आणखी एक लोकप्रिय नाव. त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा निघाला. त्यांची १९६२ सालच्या एका दिवाळी अंकातली कथा तर थेट सर्वोच्च न्यायालयात पोचली! कथा अश्लील आहे असा आरोप होता. १९६९ साली न्यायालयानं लेखकाला निर्दोष ठरवलं. प्रेम हा विषय असलेलं पुष्कळ साहित्य मोठ्यांच्या आणि किशोरवयीनांच्याही हाती असतंच, आणि काळ झपाट्यानं बदलतो आहे, असंही न्यायाधीशांनी निकालात नोंदवलं. एरवी खून-दरोड्याचे कागद वाचणाऱ्या न्यायाधीशांनाही एकदा प्रेमकथेचे वाचक व्हावं लागलं!

एक गोष्ट मात्र नीट ऐका

आता मोठ्या मुलामुलींसाठी. वाचक आणि लेखिका दोघांचं ऐकलं, तरी एक प्रश्न उरतोच. गोष्टीतून आपण प्रेमाबद्दल काय शिकतो?

पुष्कळ जुन्या कादंबऱ्यांत आणि सिनेमांत नायक रागीट असतो. तो नायिकेचा रस्ता अडवतो, तिचा अपमान करतो. ती “नाही” म्हणते, तो ऐकत नाही. शेवटी कळतं, की त्याच्या मनात प्रेमच होतं! गोष्टीत हे चालून जातं, कारण शेवट गोड होणार हे लेखकानं आधीच ठरवलेलं असतं. खऱ्या आयुष्यात पुढचं प्रकरण कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून मुलग्यांनो, “नाही” म्हणजे “नाही”च. पाठलाग करणं म्हणजे प्रेम नव्हे, तो त्रास आहे. आणि मुलींनो, जो तुम्हाला घाबरवतो तो मनातून चांगलाच असेल, असं समजून गप्प बसू नका. हे मुलग्यांच्या बाबतीतही घडू शकतं. कुणी मागे लागलं, धमकी दिली, “कुणाला सांगू नको” म्हणालं, तर त्याच दिवशी आईला, बाबांना, ताईला किंवा शाळेतल्या बाईंना सांगा. त्यात तुमची चूक नसते.

गंमत म्हणजे त्या गावातल्या अनुभवी वाचकही हेच सांगत होत्या. नायक प्रेमळ हवा, नायिकेचा छळ नको. हजारो पानं वाचून त्यांनी काढलेलं सार आपल्याला फुकट मिळतंय, घेऊन टाकू या!

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, भूगोलाच्या पुस्तकात कादंबरी सापडली की आपला हात आधी ती हिसकावायला जातो. पुस्तक जातं, उत्सुकता जात नाही. ती दुसरीकडे वाट काढते, आणि आता तर ती वाट मोबाईलच्या पडद्यावर जाते, तिथे आपलं लक्षही नसतं. त्यापेक्षा ते पुस्तक मागून घ्या आणि दोन प्रकरणं स्वतः वाचा. वयाला साजेसं नसेल तर तसं स्पष्ट सांगा, का नाही तेही सांगा आणि त्या जागी दुसरं चांगलं पुस्तक द्या. नुसतं “नको” म्हटलं की मूल गप्प होतं. कारण सांगितलं की ते वाद घालतं. वाद घालू द्या. आज पुस्तकावरून वाद घालणारी मुलगी उद्या खऱ्या अडचणीत तुमच्याकडेच येईल. जिला पुस्तकावरून ओरडा बसला, ती कशी येईल?

करून पाहा

या रविवारी तुम्हीच व्हा जॅनिस रॅडवे! आजी, आत्या, मावशी, शेजारच्या काकू, आजोबा, कुणीही चालेल. एक वही घ्या आणि हे पाच प्रश्न विचारा :

१. तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा कुठली कादंबरी वाचली होती? उघडपणे की लपून?

२. ती कुठून मिळाली? वाचनालयातून, मैत्रिणीकडून की रद्दीतून?

३. तिच्यातलं कोण आवडलं होतं? का?

४. आज तीच गोष्ट वाचली तर तो नायक तितकाच आवडेल का?

५. शेवट तुम्ही लिहिला असता तर काय लिहिला असता?

चौथ्या प्रश्नानंतर जरा थांबा, घाई करू नका. उत्तर यायला वेळ लागतो. सांगणाऱ्याची परवानगी असेल तरच वर्गात वाचून दाखवा, नाहीतर रॅडवेसारखं नाव बदलून टाका. आणि आजी सांगता सांगता लाजली, तर हसायचं नाही हं!